संपाच्या दिवसांत लष्करी बंबावर विसंबताना: ब्रिटनमधील मराठी घरांसाठी मार्गदर्शिका

१३ नोव्हेंबर २००२ रोजी संध्याकाळी सहा वाजता ब्रिटनमधील बहुतेक अग्निशमन केंद्रांतील कर्मचारी काम थांबवून बाहेर पडले आणि पुढील ४८ तास आगी विझवण्याची जबाबदारी भूदल, नौदल आणि हवाईदलाच्या जवानांकडे आली. त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून आठ दिवसांचा दुसरा संप झाला आणि २००३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आणखी काही छोटे संप झाले. या संपूर्ण काळातील लष्करी व्यवस्थेला ‘ऑपरेशन फ्रेस्को’ असे नाव होते. त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १४ नोव्हेंबर १९७७ पासून, पहिला देशव्यापी संप नऊ आठवडे चालला होता आणि तेव्हाही हेच काम जवानांनी केले होते. दोन्ही वेळचे अनुभव एकत्र ठेवून पाहिले, तर अशा दिवसांत सामान्य घराने काय करावे आणि काय टाळावे हे बरेच स्पष्ट होते. ही मार्गदर्शिका त्या अनुभवांवर आधारलेली आहे आणि ती मुख्यतः ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी, विशेषतः ज्यांच्या घरी भारतातून आई-बाबा राहायला आलेले असतात त्यांच्यासाठी, लिहिली आहे.

लष्कराची मदत खरी असते, पण ती नेहमीच्या अग्निशमन दलाची जागा घेऊ शकत नाही, ही गोष्ट मनात पक्की असल्याशिवाय पुढील सूचनांचा अर्थ लागणार नाही. म्हणून आधी ती मदत कशी असते ते पाहू.

येणारा बंब कसा असतो

२००२ साली संपावर गेलेल्या फायर ब्रिगेड्स युनियनचे सभासद पन्नास हजारांहून अधिक होते, तर त्यांच्या जागी उभे केलेले जवान सुमारे १९,००० होते. त्यांच्या हाती प्रामुख्याने आठशेहून अधिक ‘ग्रीन गॉडेस’ गाड्या होत्या. हिरव्या रंगाच्या या बेडफर्ड गाड्या १९५३ ते १९५६ या काळात बांधलेल्या होत्या, आणि त्यांचा मूळ हेतू घराला लागलेली आग विझवणे हा नव्हताच. अणुबॉम्बच्या हल्ल्यानंतर शहरे पेटली आणि जलवाहिन्या फुटल्या, तर नदीचे किंवा तळ्याचे पाणी उपसून एका पंपाकडून दुसऱ्या पंपाकडे असे मैलोन्मैल पोहोचवायचे, यासाठी सहायक अग्निशमन दलाकरिता त्या तयार झाल्या होत्या. ते दल १९६८ मध्ये बरखास्त झाले आणि गाड्या गोदामांत जपून ठेवण्यात आल्या.

हा इतिहास केवळ कुतूहलापोटी सांगितलेला नाही, कारण गाडीची सगळी ताकद आणि सगळ्या उणिवा त्यातूनच आल्या आहेत. पंप जबरदस्त होता, मिनिटाला चार हजार लिटरच्या आसपास पाणी फेकू शकणारा; परंतु गाडीचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या जवळपास जाऊन थांबत असे, स्टीअरिंग वळवायला अंगमेहनत लागत असे आणि शिडी सुमारे दहा मीटर उंचीची, म्हणजे फार तर तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचणारी असे. धुराने भरलेल्या खोलीत शिरण्यासाठी लागणारे श्वसनसंच या गाड्यांवरच्या जवानांकडे नसत. ते काम हवाईदलाच्या आणि नौदलाच्या प्रशिक्षित अग्निशामकांच्या वेगळ्या पथकांकडे होते, आणि अपघातग्रस्त मोटारीचा पत्रा कापून आत अडकलेल्यांना सोडवणारी पथके तर त्याहूनही कमी होती. साध्या गाडीवरचे बहुतेक जवान काही दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आलेले असत; त्यांनी ते काम निष्ठेने केले, पण वर्षानुवर्षांच्या सरावाची भरपाई काही दिवसांत होत नाही.

आणखी एक अडचण घरच्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. जवानांना त्या भागातील रस्ते माहीत नसत. गाडीपुढे पोलिसांचे वाहन वाट दाखवत जात असे ते याच कारणाने. नेहमीच्या केंद्रातील माणसाला ‘शाळेमागची गल्ली’ एवढे सांगितले तरी पुरते. दुसऱ्या परगण्यातील छावणीतून आलेल्या जवानाला ते पुरत नाही.

ग्रीन गॉडेस गाड्या पुढे मोडीत किंवा विक्रीत निघाल्या आणि २००४ च्या नागरी आपत्ती कायद्यानंतर संपकाळातही काम चालू ठेवण्याची आखणी करण्याचे बंधन स्थानिक अग्निशमन प्राधिकरणांवर आले. त्यामुळे आज संप झाला तर आपोआप लष्कर येईल असे समजू नये. प्राधिकरणांची स्वतःची व्यवस्था अपुरी पडते आणि सरकार मागणी करते, तेव्हाच जवान येतात. अन्यथा कंत्राटी किंवा संपात नसलेले कर्मचारी थोड्या गाड्या चालवतात. यांपैकी काहीही झाले तरी घराला बसणारा परिणाम एकच असतो: बंब कमी, उशिरा आणि कमी साधनांसह येतो.

नोटीस मिळाल्यापासून संपापर्यंत

ब्रिटनमध्ये संघटनेला संपाची आगाऊ नोटीस कायद्याने द्यावी लागते. २००२ साली ती सात दिवसांची होती. हे दिवस तयारीचे आहेत आणि ते वाया घालवू नयेत. आपल्या भागातील अग्निशमन सेवेच्या संकेतस्थळावर संपाचे तास आणि त्या काळात कोणत्या घटनांना प्राधान्य मिळेल याची माहिती येते. ती घरातील प्रत्येकाला वाचून दाखवावी, कारण संप कित्येकदा संध्याकाळी सुरू होऊन संध्याकाळीच संपतो आणि ‘उद्यापासून’ एवढेच लक्षात ठेवणारा माणूस नेमक्या पहिल्या रात्री गाफील राहतो.

पहिले काम स्मोक अलार्मचे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर एक अलार्म असणे घरमालकावर बंधनकारक आहे आणि स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून सर्व घरांत एकमेकांना जोडलेले अलार्म लागतात. तरीही आपल्याकडे फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवण्याची किंवा त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधण्याची सवय अनेक घरांत दिसते. हे वाचताना आपल्या घरातील अलार्म आठवत असेल, तर उठून तो आत्ता पूर्ववत करावा. बटण दाबून तो वाजतो का ते पाहावे आणि दहा वर्षांहून जुना असल्यास नवा बसवावा. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेवर वाजणारा अलार्म बसवला म्हणजे फोडणीचा प्रश्न उरत नाही. दल उशिरा येणार असेल, तेव्हा आग लागल्याचे दोन मिनिटे आधी कळणे ही एकच गोष्ट अशी आहे जी पूर्णपणे आपल्या हातात असते.

दुसरे काम बाहेर पडण्याच्या वाटेचे. जिन्याखाली ठेवलेल्या बॅगा, पॅसेजमधील मुलांच्या सायकली, दाराशी साठलेले चपला-बुटांचे ढीग हे सगळे दूर करावे. इथल्या बऱ्याच दारांना आतून किल्ली लावावी लागते. ती किल्ली रात्री कोठे ठेवली जाते हे घरातील प्रत्येकाला, पाहुण्यांनाही, अंधारात हाताला लागेल इतके नेमके माहीत असावे. एकदा सगळ्यांनी दिवे मालवून, हाताने भिंत चाचपत बाहेर पडून पाहावे. मुलांना हा खेळ वाटतो आणि मोठ्यांना आपली चूक कळते.

तिसरे काम घराबाहेरचे आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळ्या पाटीवर काळा ‘एच’ लिहिलेला असतो. जवळच जमिनीत लोखंडी झाकणाखाली आगीसाठीच्या पाण्याचा हायड्रंट असतो. नेहमीच्या दलाला तो पाठ असतो, परंतु बाहेरून आलेल्या जवानांना तो शोधावा लागतो. आपल्या घरापासून सर्वांत जवळचा हायड्रंट कोठे आहे ते दिवसाउजेडी पाहून ठेवावे, त्या झाकणावर गाडी उभी करू नये आणि शेजाऱ्यालाही तसे सांगावे. घराचा क्रमांक रस्त्यावरून दिसत नसेल, तर मोठ्या अंकांत लिहून दारावर लावावा.

शेगडी आणि देवघर

आपल्या घरांत आगीची सुरुवात होण्याची पहिली जागा म्हणजे तेलाची कढई. संपाच्या दिवसांत तळण करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चकल्या, वडे, पुऱ्या हे सगळे चार दिवस पुढे ढकलता येते. संप दिवाळीच्या आसपास येऊ शकतो, ही गोष्ट काल्पनिक नाही: २०१४ साली निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावरून इंग्लंडमध्ये झालेला चार दिवसांचा संप ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू झाला होता, आणि १९७७ व २००२ चे मोठे संपही नोव्हेंबरमध्येच सुरू झाले. फराळ करायचाच असेल, तर तो संपाच्या आधी उरकावा. तळण टाळता आलेच नाही, तर कढई एक तृतीयांशाहून जास्त भरू नये, कढईपासून एक क्षणही दूर जाऊ नये आणि ओढणीचे किंवा पदराचे टोक शेगडीजवळ येऊ देऊ नये.

तेल पेटले तर काय करावे हे आधीच ठरलेले असावे, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. हात सुरक्षितपणे पोहोचत असेल तरच शेगडी बंद करावी. कढई उचलून मोरीकडे किंवा बागेत नेण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पाणी तर मुळीच टाकू नये; उकळत्या तेलात पाणी पडताच त्याची वाफ होते आणि जळते तेल छतापर्यंत उडते. स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे, सगळ्यांना बाहेर काढावे आणि फोन करावा. लष्करी बंब येईपर्यंत बंद दार आग त्याच खोलीत रोखून धरते, आणि तेवढ्यानेही उरलेले घर वाचू शकते.

देवघराच्या बाबतीत पुष्कळांना सूचना करणे जड जाते, म्हणून ती येथे स्पष्ट लिहितो. समई आणि निरांजन पाण्याने भरलेल्या ताटात ठेवावे. मागे पडदा, वर लाकडी फळी आणि बाजूला कागदी मखर असेल तर ते दूर करावे. कोणीतरी जागे आणि त्याच खोलीत असेल, तेवढाच वेळ ज्योत तेवत ठेवावी. घराबाहेर पडताना आणि झोपण्यापूर्वी समई शांत करावी. आई-बाबांना अखंड दीप लावायचा असेल, तर त्या चार दिवसांपुरता विजेवरचा दिवा लावण्याविषयी त्यांच्याशी आधीच बोलून घ्यावे. कारण नीट सांगितले तर वडीलधारी माणसे समजून घेतात. उदबत्तीची राख कागदावर नव्हे, धातूच्या ताटलीत पडावी. इंग्लंडमध्ये दिवाळीच्या रात्री फटाक्यांना पहाटे एक वाजेपर्यंत कायद्याने मुभा असली, तरी संप चालू असताना ती न वापरणेच बरे.

झोपण्यापूर्वीची फेरी

थंडीच्या दिवसांत हीटरवर किंवा हीटरसमोर कपडे वाळत घालण्याची सवय सोडावी आणि हीटरपासून प्रत्येक वस्तू निदान एक मीटर दूर ठेवावी. फोन, लॅपटॉप आणि विशेषतः विजेवरची सायकल रात्रभर चार्ज करू नये, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर तर ती मुळीच चार्ज करू नये. एका सॉकेटमधून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे एक्स्टेन्शन जोडलेले असतील तर ते काढावेत. यानंतर घरातील आतली सगळी दारे लावून झोपावे. आपल्याकडे दारे उघडी ठेवून झोपण्याची पद्धत आहे, मुलांच्या खोलीचे दार तर हमखास उघडे असते. परंतु बंद दार धूर बराच वेळ अडवते, आणि बंब येण्यास दुप्पट वेळ लागणार असेल तर तो वेळ अमूल्य असतो. मुलांच्या खोलीतला आवाज ऐकू यावा म्हणून बेबी मॉनिटर ठेवावा आणि दार लावावे.

आग लागली तर

संप असो वा नसो, क्रमांक ९९९ हाच असतो. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाच्या ओठांवर १०१ येतो. तो इथे आगीसाठी चालत नाही. फोन उचलणारा प्रथम कोणती सेवा हवी ते विचारतो, तेव्हा ‘फायर’ एवढा एकच शब्द म्हणावा. त्यानंतर सर्वांत आधी पोस्टकोड सांगावा, मग घराचा क्रमांक, मजला आणि रस्त्याचे नाव. ब्रिटनमधील एक पोस्टकोड साधारण पंधरा घरांपुरता असतो, त्यामुळे परक्या माणसालाही तो थेट तुमच्या गल्लीत आणून सोडतो. मुख्य दाराला कोड असेल तर तो सांगावा. आत कोणी अडकले आहे का हे न विचारताही सांगावे, कारण श्वसनसंच असलेले पथक पाठवायचे की साधी गाडी, हा निर्णय त्या एका वाक्यावर ठरू शकतो. पथके थोडी असताना तो निर्णय चुकला, तर दुसरे पथक पोहोचेपर्यंत फार उशीर होतो.

आई-बाबांसाठी एक कागद तयार करून फोनशेजारी चिकटवावा. त्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत ‘नऊ नऊ नऊ’, ‘फायर’ आणि पोस्टकोडचे उच्चार एकेक अक्षर सुटे करून लिहावेत. त्यांच्याकडून ते दोनदा मोठ्याने म्हणवून घ्यावे. शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून ‘फायर’ म्हणायलाही त्यांना शिकवावे. इंग्रजीची भीती वाटणारा माणूस फोनपेक्षा शेजाऱ्याकडे लवकर जातो.

फोन घरात उभे राहून करू नये. आधी बाहेर पडावे. पासपोर्ट, दागिने, लॅपटॉप यांसाठी मागे वळू नये, आणि एकदा बाहेर आल्यावर पुन्हा आत जाऊ नये. नेहमीच्या दिवसांत परत आत गेलेल्या माणसाला शोधायला श्वसनसंच लावलेले अग्निशामक काही मिनिटांत हजर होतात. संपाच्या दिवसांत तसे होईलच असे नाही. धुरातून जावे लागले तर जमिनीलगत सरपटत जावे. वाट पूर्ण बंद झाली असेल, तर रस्त्याकडील खिडकी असलेल्या खोलीत जाऊन दार लावावे, दाराच्या फटीत चादरी कोंबाव्यात आणि खिडकीतून हाका माराव्यात.

उंच इमारतीत राहणाऱ्यांनी आपल्या इमारतीत लावलेली आगीविषयीची सूचना आज वाचून ठेवावी. आग आपल्या फ्लॅटमध्ये असेल तर बाहेर पडायचेच. इतरत्र असेल तर इमारतीची सूचना पाळावी, पण धूर किंवा उष्णता आपल्यापर्यंत येऊ लागली की थांबू नये. लष्करी गाडीची शिडी वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचेल अशा आशेवर कोणीही वर थांबून राहू नये. लिफ्ट आगीच्या वेळी वापरायची नाही हे सर्वांना माहीत असते. संपाच्या दिवसांत एरवीही ती शक्य तितकी टाळावी, कारण अडकल्यास सोडवणारे पथक येण्यास फार वेळ लागेल. याच काळजीने २००२ च्या संपात लंडनच्या भुयारी रेल्वेची वीसहून अधिक खोल स्थानके बंद ठेवली होती. प्रवासाला निघण्यापूर्वी आपले स्थानक चालू आहे का ते पाहावे. मोटारीच्या अपघातांत पत्रा कापणारी पथकेही मोजकीच असतात, म्हणून धुक्यातला किंवा बर्फातला रात्रीचा लांबचा प्रवास त्या दिवसांत टाळावा.

जवान पोहोचल्यावर

एका व्यक्तीने गल्लीच्या तोंडाशी उभे राहून, हातात टॉर्च घेऊन, गाडीला वाट दाखवावी. जवान उतरताच प्रमुखाला तीन गोष्टी सांगाव्यात: आत कोणी आहे का आणि असल्यास कोणत्या खोलीत, आग कोठे सुरू झाली, आणि हायड्रंट कोठे आहे. गॅस आणि विजेचा मुख्य खटका कोठे आहे तेही सांगावे. त्यानंतर बाजूला व्हावे. जवान आत शिरत नसतील, बाहेरूनच पाणी मारत असतील, तर त्यांच्यावर ओरडू नये. श्वसनसंचाशिवाय धुरात न शिरण्याचे त्यांना शिकवलेले असते आणि ते शिक्षण योग्य आहे. आत शिरलेला जवान कोसळला, तर सोडवायची माणसे आणखी एकाने वाढतात.

जवानांविषयी आणि संपावरील कर्मचाऱ्यांविषयी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. २००२ साली अग्निशामकांची मागणी वर्षाला ३०,००० पौंड वेतनाची होती आणि जून २००३ मध्ये तीन वर्षांत १६ टक्के वाढीवर समझोता झाला. त्यांच्या जागी रात्रंदिवस उभ्या असलेल्या सामान्य सैनिकाचे वेतन त्यांच्याहूनही कमी होते, आणि सैनिकाला संप करण्याचा अधिकार नसतो. दोघांपैकी कोणाचाही राग दुसऱ्यावर काढण्याचे आपल्याला कारण नाही. केंद्राबाहेर शेकोटीजवळ फलक घेऊन उभी असलेली माणसे उद्या पुन्हा आपल्याच घरी येणार असतात, आणि आज आलेली माणसे घर-संसार सोडून छावणीत झोपत असतात. दोन्हीकडे चहाचा थर्मास द्यायला हरकत नाही.

खोटा फोन करू नये हे वेगळे सांगण्याची गरज वाटू नये, तरी मुलांना ते समजावून सांगावे, कारण २००२ च्या संपातही असे फोन आले आणि आधीच थोड्या असलेल्या गाड्या निष्कारण धावल्या. कचरापेटी धुमसते आहे, शेजाऱ्याचा अलार्म वाजतो आहे पण धूर नाही, मांजर झाडावर अडकले आहे, अशा कारणांसाठी त्या दिवसांत ९९९ ला फोन करण्यापूर्वी स्वतः खात्री करावी. गॅसचा वास येत असेल, तर खिडक्या उघडून, विजेचे बटण न दाबता बाहेर पडावे आणि बाहेरून ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. मात्र खरोखर आग आहे असे वाटले, तर ‘आज संप आहे, कोण येणार’ असे म्हणून फोन करण्याचे कधीही टाळू नये.

संप संपला की तळण, लिफ्ट आणि प्रवास यांवरचे तात्पुरते निर्बंध सैल करता येतील. संपाच्या शेवटच्या तासात मात्र ते सैल करू नयेत, कारण कामाची अदलाबदल चालू असताना गाड्या आणि माणसे दोन्ही अधल्यामधल्या अवस्थेत असतात. आई-बाबांसाठी फोनशेजारी लावलेला कागद तेवढा काढू नये, आणि स्मोक अलार्मवर पुन्हा पिशवी बांधू नये.